काढून ठेवलेला वाटा : घरचे जेवण आणि प्रभूचे मेज

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत डोळ्यांना दिसणारी आणि हाताला लागणारी अशी वस्तू एकच आहे, ती म्हणजे भाकर. देवाचे नाव, देवाचे राज्य, त्याची इच्छा, पापांची क्षमा, परीक्षेतून बचाव हे सर्व विषय आत्मिक आहेत. त्यांच्या ऐन मध्यभागी आपल्या चुलीवरची भाकर येऊन बसली आहे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी येथे 'अन्न' हा व्यापक शब्द न योजता 'भाकर' हा घरगुती शब्द घेतला, हे फार योग्य झाले. मूळ ग्रीक पाठात ह्या भाकरीस लावलेले 'एपिउसिओस' हे विशेषण इतके दुर्मिळ आहे की, प्रभूच्या प्रार्थनेबाहेर त्याचा निर्विवाद प्रयोग सापडत नाही. संत जेरोम ह्यांनी लॅटिन पाठ सिद्ध करताना लूकच्या शुभवर्तमानात 'रोजची' हा अर्थ कायम ठेविला. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच शब्दाचा अर्थ 'सर्व द्रव्यांहून श्रेष्ठ' असा केला. ख्रिस्तसभेने ह्या दोन्ही अर्थांपैकी एकही टाकून दिला नाही. एकाच विनंतीत घरची भाकर आणि वेदीवरची भाकर अशा दोन्ही सामावलेल्या आहेत.

आपल्या धर्मशिक्षणात मात्र ह्या दोन भाकरींची ताटातूट झालेली दिसते. वेदीवरच्या भाकरीविषयी आपण पुष्कळ बोलतो, घरच्या भाकरीविषयी क्वचित. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात बसलेले मूल नेमून दिलेली उत्तरे बिनचूक म्हणते. पण 'घेतली, आशीर्वाद दिला, मोडली व दिली' ह्या चार क्रियांपैकी निदान दोन त्याने आपल्या आईच्या हातून रोज होताना पाहिलेल्या आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. दयाकर्म म्हणजे नाताळापूर्वी पाकिटात घालावयाचे पैसे, अशी त्याची समजूत होते. पुढे मोठेपणी त्याचे दान त्या पाकिटाच्या पलीकडे जात नाही, ह्याचे आपण नवल करतो.

आपल्या घरांतील साध्या जेवणात एक जुनी चाल आहे. जेवावयास बसण्यापूर्वी, जो तेथे उपस्थित नाही त्याचा वाटा काढून झाकून ठेवतात. रात्रपाळीवर गेलेला मुलगा, शेतावर थांबलेला बाप, दुखणाईत शेजारीण, अवचित येणारा पाहुणा, ह्यांचे जेवण पातेल्यात आधी राखले जाते. आमचे म्हणणे एवढेच की, ह्या एका चालीत ख्रिस्ती दयेचे बीज आहे, आणि ख्रिस्तयागाचा अर्थ उमगण्याची एक सोपी वाटही आहे. ती वाट कशी आहे, तिच्यात खाचखळगे कोठे आहेत आणि धर्मग्रामात तिचा उपयोग कसा करता येईल, ह्याचा विचार येथे करू.

१. पवित्र शास्त्रातील राखलेला वाटा

रूथच्या पुस्तकातील एक लहानसा प्रसंग आपण वाचतो आणि पुढे जातो. कापणीच्या दिवसांत बवाज त्या परक्या विधवेला कापणाऱ्यांच्या पंक्तीत बसवितो, आंबीत घास बुडवून खाण्यास सांगतो आणि तिच्या हाती भाजलेले धान्य देतो. आपल्याकडच्या हुरड्याची आठवण व्हावी असे हे जेवण. रूथ पोटभर जेवते, तिच्याजवळ काही उरते. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ते राखलेले अन्न काढून ती सासूला देते (रूथ २:१४, १८). ज्या बाईला काल कोठे जेवावे हे ठाऊक नव्हते, तिने भर पंक्तीत बसून घरी असलेल्या वृद्धेची आठवण ठेविली. दाविदाच्या आणि म्हणून प्रभू येशूच्या वंशावळीत ह्या स्त्रीचे नाव येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

रूथने राखले ते जेवून उरलेले होते. नियमशास्त्र ह्याच्या एक पाऊल पुढे जाते. शेताची कड कापू नये, गळलेली कणसे वेचू नयेत, विसरलेली पेंढी आणण्यास परत जाऊ नये, ती गरीब, उपरी, अनाथ व विधवा ह्यांच्यासाठी असावी, अशी आज्ञा आहे (लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९-२१). येथे परक्याचा वाटा धान्य घरी येण्यापूर्वीच बाजूला पडतो. मालकाने आधी आपले भरून घ्यावे आणि मग उरले तर द्यावे, असा हा हिशेब नव्हे.

सारफथच्या विधवेची कथा तर सर्वांत कठीण आहे. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल, दोन काटक्या आणि एक मुलगा एवढाच तिचा संसार. एलीया तिला आधी आपल्यासाठी लहानशी भाकर करून आणण्यास सांगतो आणि मग स्वतःसाठी व मुलासाठी करावयास सांगतो (१ राजे १७:८-१६). ह्या 'आधी' शब्दावरच सारी कथा उभी आहे. उरलेले देण्यास श्रद्धा लागत नाही, सवड लागते. आधी काढून ठेवण्यास श्रद्धा लागते, कारण तेव्हा पातेले अजून भरलेले नसते.

बाबेलच्या बंदिवासानंतर लोकांनी नियमशास्त्र पुन्हा ऐकले आणि ते रडू लागले. तेव्हा त्यांना शोक सोडून जेवण्यास सांगण्यात आले, आणि त्याच श्वासात, ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांच्याकडे वाटे पाठविण्यासही सांगण्यात आले (नहेम्या ८:१०). सण पुरा झाला की नाही हे आपले ताट किती भरले ह्यावरून ठरत नाही. शेजारच्या बंद चुलीची कोणास आठवण झाली की नाही ह्यावरून ठरते.

२. प्रभूचे साधे जेवण

शुभवर्तमानांत प्रभू वारंवार जेवताना दिसतो, परंतु पदार्थांचे वर्णन फारच थोडे आहे. जे आहे ते साध्या अन्नाचे आहे. पाच हजारांना जेवू घातले तेव्हा त्या मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या, ही गोष्ट एकट्या योहानाने नोंदविली आहे (योहान ६:९). जव हे गरिबाचे धान्य. आपल्याकडे कोणी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी म्हणावे, तसा तो शब्द तेव्हाच्या लोकांच्या कानी पडत असे. सर्व तृप्त झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. ज्याने हजारोंना पुरविले त्याला तुकड्यांची काळजी करण्याचे कारण नव्हते, असे आपणास वाटेल. पण त्या बारा टोपल्यांचा अर्थ कोणत्याही सुगरणीला चटकन कळतो. गोव्यात काल रात्रीची कढी आटवून सकाळच्या पेजेबरोबर वाढतात; बेळगावकडे शिळी भाकरी कुस्करून फोडणीला घालतात. अन्न टाकू नये, हे ज्या घरात शिकविले जाते तेथे योहानाच्या सहाव्या अध्यायातील अर्धा पाठ आधीच झालेला असतो.

पुनरुत्थानानंतरच्या दोन प्रसंगांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांनी शास्त्राचा उलगडा ऐकला, त्यांची अंतःकरणे तापली. तरीही त्यांनी प्रभूला ओळखले नाही. दिवस कलल्यामुळे त्यांनी त्या अनोळखी वाटसरूला घरात बोलाविले आणि भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले (लूक २४:२८-३१). त्यांनी पाहुण्याला आग्रह केला नसता, तर प्रभू पुढे निघून गेला असता. शास्त्राच्या उत्तम स्पष्टीकरणाला जे साधले नाही, ते संध्याकाळच्या साध्या आतिथ्याला साधले. प्रवचने करणाऱ्या आपणा सर्वांना ह्यात विनम्र होण्यासारखे काही आहे.

दुसरा प्रसंग तिबिर्य सरोवराच्या काठचा. रात्रभर राबून रिकाम्या हाताने परतणाऱ्या शिष्यांनी किनाऱ्यावर पाहिले, तो कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर (योहान २१:९-१३). मृत्यूवर विजय मिळविलेला प्रभू पहाटे उठून न्याहारी करीत बसला होता. त्याने त्यांना शिक्षा केली नाही, जाब विचारला नाही. आधी जेवावयास बोलाविले. पेत्राला मेंढरे चारण्याची आज्ञा मिळाली ती ह्या न्याहारीनंतर. प्रेषितकार्याचा मार्ग येथे चुलीजवळून जातो.

३. आद्य ख्रिस्तसभेची शिकवण

पहिल्या ख्रिस्ती मंडळीत घरोघरी भाकर मोडली जात असे (प्रेषितांची कृत्ये २:४६). तेथे उद्भवलेला पहिला तंटाही अन्नवाटपावरूनच होता: ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होई (६:१). प्रेषितांनी हा विषय क्षुल्लक मानला नाही. त्यासाठी पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसे निवडली गेली, आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करण्यात आली.

सुमारे इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन ह्यांनी रोमच्या सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनपर ग्रंथात रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस ह्यांवरील उपकारस्तुती हा क्रम आपल्या ओळखीचा आहे. पण शेवटी ते दोन गोष्टी सांगतात. जे हजर नाहीत त्यांच्याकडे सेवक तो प्रसाद पोहोचवितात. आणि जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके ह्यांच्यासाठी प्रमुखाच्या स्वाधीन केले जाते. म्हणजे ख्रिस्तयागातही राखलेला वाटा आहे. मंदिरातील पवित्र पेटीत जो ख्रिस्तप्रसाद आपण जपून ठेवतो, त्याचे एक मूळ कारण हेच की, अंथरुणाला खिळलेल्यांना व मरणोन्मुखांना तो नेता यावा. मरणसमयी दिल्या जाणाऱ्या ह्या प्रसादास लॅटिनमध्ये जे नाव आहे, त्याचा मराठी अर्थ 'वाटेची शिदोरी' असा होतो. आपल्या आज्या लांबच्या वाटेला निघालेल्यास फडक्यात भाकरी बांधून देत, तीच ही कल्पना.

ह्याच शतकातील रोम येथील 'हर्मासचा मेंढपाळ' ह्या ग्रंथात उपवासाचा नियम सांगितला आहे. उपवासाच्या दिवशी भाकर व पाणी घ्यावे, त्या दिवशी खाल्ले असते त्या अन्नाची किंमत मोजावी आणि ती विधवेस, अनाथास किंवा गरजवंतास द्यावी. उपवास म्हणजे न खाल्लेला घास. तो कोणाच्या मुखी गेला नाही तर उपवास अर्धाच राहिला.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन क्रिसोस्टम ह्यांनी हा विचार पुन्हा घरात आणला. करिंथकरांस पहिल्या पत्रावरील एका प्रवचनात ते श्रोत्यांना घरी, प्रार्थना करण्याच्या जागेजवळ, गरिबांसाठी एक लहान पेटी ठेवावयास सांगतात, म्हणजे प्रार्थनेपूर्वी हात आधी त्या पेटीकडे जाईल. मत्तयावरील प्रवचनात ते विचारतात की, ख्रिस्त भुकेने व्याकूळ असताना त्याच्या मेजावर सोन्याचे प्याले मांडून काय उपयोग? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात कुटुंबास जणू 'घरातील ख्रिस्तसभा' म्हटले, आणि पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक प्रबोधपत्रात ती कल्पना विस्ताराने मांडली. ज्या घरास ख्रिस्तसभा म्हणावयाचे, त्यास मेज हवेच, आणि त्या मेजावर अनुपस्थिताचा वाटाही हवा.

४. आपल्या घरांतील चाली

ही शिकवण रुजविण्यासाठी आपल्याकडची जमीन पडीक नाही. शेजाऱ्याकडून पदार्थ आला तर त्याची वाटी रिकामी परत करावयाची नाही, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालून धाडावयाची, हा संस्कार मराठी घरांत कोणत्याही धर्माचा असो, आढळतोच. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरची चूल पेटत नाही; शेजारचे पिठले-भात घेऊन येतात आणि कोणी न बोलता ताटे मांडतो. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात वार सात घरी जेवून शिक्षण पुरे करावे, ही मागच्या पिढ्यांची रीत होती. 'वार लावून जेवणे' ह्या शब्दांत ती आजही शिल्लक आहे.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नापूर्वी गोरगरिबांना बोलावून पंक्तीला बसविण्याची चाल आहे. तिला 'भिकाऱ्यांचे जेवण' म्हणतात. कुटुंबातील मृतांच्या आत्म्यांना शांती लाभावी म्हणून ते घालतात. लग्नाच्या पाहुण्यांआधी हे पाहुणे जेवतात, हे महत्त्वाचे. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने ज्यांना मेजवानीस बोलाविण्यास सांगितले, त्यांचे स्थान येथे नुसते राखलेले नाही, पहिले आहे. ऑगस्टमध्ये भाताची नवी कणसे मंदिरात आशीर्वादित होऊन घरोघरी जातात. राय येथील स्नो मातेच्या मंदिरात हा सण ५ ऑगस्ट रोजी होतो. १५ ऑगस्टला, पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणास, हळदीच्या पानांत तांदळाचे पीठ, नारळ व गूळ घालून पातोळ्यो उकडतात. शेजारची हिंदू घरे नागपंचमीला हाच पदार्थ करतात. नाताळात दोदोल, नेवऱ्या, कुलकुल ह्यांचे ताट त्यांच्याकडे जाते आणि चतुर्थीला व दिवाळीला त्यांचे आपल्याकडे येते. धर्मांतील संवादाविषयी आपण परिषदा भरवितो, त्या भरवाव्यातच; पण ही ताटांची ये-जा त्यांहून पुष्कळ जुनी आहे आणि तिला कोणी सभापती लागत नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत मुले बाहेर दुसरीच भाषा बोलतात. मराठी उरते ती बहुधा रात्रीच्या प्रार्थनेत आणि स्वयंपाकघरात. तेथील धर्मशिक्षकांना ह्या दोन जागा जोडून घेणे अधिकच सोपे जावे.

आपल्याच देशाच्या ईशान्य टोकाचे एक उदाहरणही येथे सांगितले पाहिजे. मिझोरममधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत गृहिणी दर वेळी भात शिजत घालण्यापूर्वी एक मूठ तांदूळ काढून वेगळ्या भांड्यात टाकते. ह्या चालीस तेथे 'बुहफाइ थाम' म्हणतात. ती १९१० साली सुरू झाली, आणि त्या मुठींवर तेथील ख्रिस्तसभेचे मोठे सेवाकार्य उभे राहिले. देणाऱ्या स्त्रियांजवळ रोख पैसा नव्हता. तांदूळ होता आणि हात होता.

५. दोन कठीण कसोट्या

घरच्या जेवणाची नुसती स्तुती करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या मेजाभोवती प्रेम वाढते त्याच मेजाभोवती अन्यायही वाढू शकतो. म्हणून घरचे मेज प्रभूच्या मेजाच्या कसोटीस लावले पाहिजे.

पहिली कसोटी जातीची. करिंथ येथे काहीजण आपले जेवण आधीच उरकीत; एक उपाशी राही आणि दुसरा मस्त होई. संत पौलाने ह्या वागण्याला प्रभूचे भोजन म्हणण्यास साफ नकार दिला (१ करिंथ ११:२०-२२). अंत्युखियात स्वतः पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठून गेला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर विरोध केला. कारण ते वागणे सुवार्तेच्या सत्यास धरून नव्हते (गलती २:११-१४). पंक्तीतून उठणे हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही, सुवार्तेच्या सत्याचा आहे.

आता आपली घरे पाहू. कामास येणाऱ्या बाईचा कप वेगळ्या फळीवर असतो काय? मंदिरात एकाच रांगेत प्रसाद घेणारी दोन कुटुंबे एकमेकांकडे पाणी पितात काय? भारतातील काथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाविषयी धोरण जाहीर केले, ह्याचा अर्थ हा रोग बाहेरचाच नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात, जे १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले, ह्या कसोटीचे मराठीतील सर्वांत प्रांजळ वर्णन आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याचा त्यांचा झगडा कोणत्या सिद्धान्तावरून नव्हता. तो स्वयंपाकावरून व पाण्यावरून होता. कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या मनाने सिद्ध झाल्या, त्या बाप्तिस्म्यापूर्वीच. अंतःकरण बदलल्याची पहिली खूण पाण्याच्या भांड्यावर दिसली. आपल्याकडे मात्र कित्येक घरांत क्रम उलटा झाला आहे: बाप्तिस्मा पिढ्यांपूर्वी झाला आणि भांडे अजून वेगळेच आहे.

दुसरी कसोटी घरातल्या घरात लागते. अनुपस्थितांचा वाटा काढला जातो खरा, पण तो कोणाच्या ताटातून? पुष्कळ घरांत सर्वांत शेवटी बसणारी स्त्री पातेले खरवडून जे निघेल त्यावर भागविते. मग अचानक आलेल्या पाहुण्याचे आतिथ्य कुटुंबाने केले असे म्हणतात, परंतु उपाशी ती एकटी राहते. हा त्याग आहे ह्यात संशय नाही. पण एकीवर लादलेल्या त्यागास सर्व घराचे पुण्य म्हणू नये. मार्था एकटीच राबते ह्याची तक्रार शास्त्राने लपविलेली नाही (लूक १०:४०). प्रभूने मरीयेचे ऐकण्याचे स्थान राखले, ह्यावर आपण पुष्कळ प्रवचने करतो. त्याबरोबर हेही सांगावे की, ज्याने पाय धुतले आणि ज्याने किनाऱ्यावर मासळी भाजली, त्याचे शिष्य म्हणविणाऱ्या पुरुषांनी ताट उचलले, पाणी भरले, भाकरी थापली, तर त्यात काही कमीपणा नाही. राखलेल्या वाट्यांत पहिला वाटा जेवण करणारीचा असावा.

६. धर्मग्रामात काय करता येईल

पुढील सूचना नव्या नाहीत. बहुतेक जुन्याच चालींना अर्थ देणाऱ्या आहेत.

पहिली, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गाची सुरुवात मुलांच्या घरच्या जेवणापासून करावी. तुमच्याकडे भाकरी कोण करते? सर्वांत शेवटी कोण जेवते? कोणासाठी झाकून ठेवतात? एवढे तीन प्रश्न पुरे. ज्या मुलाच्या घरी रोज पुरेसे शिजत नाही त्याला उत्तर देताना खाली पाहावे लागू नये, म्हणून हे प्रश्न सर्वांसमोर विचारण्याऐवजी मुलांना घरी पाहून येण्यास सांगावे. त्यानंतर अंतिम भोजनाचा पाठ घ्यावा.

दुसरी, मुठीची चाल सुरू करावी. एक मूठ तांदूळ साधारण ४० ग्रॅम धरली, तर दोन वेळच्या स्वयंपाकात एका घरातून महिन्यास सुमारे २ किलो ४०० ग्रॅम निघतात. अशी ४० घरे असली तर ९६ किलो होतात. लहान धर्मग्रामातील चार-सहा गरजू कुटुंबांना हा मोठा आधार आहे. महिन्यातून एका रविवारी ही भांडी अर्पणविधीच्या वेळी वेदीजवळ आणावीत, म्हणजे मुलांना भाकर-द्राक्षारसाबरोबर घरचे तांदूळही दिसतील. गरीब घरानेही मूठ घालावी; घेणाऱ्यास देण्याच्या मानापासून वंचित करू नये. आणि वाटप मात्र रांग लावून, छायाचित्रे काढून करू नये. ते संध्याकाळी शेजाऱ्याच्या हाती पोहोचावे.

तिसरी, उपवासकाळात हर्मासचा हिशेब घरोघरी सांगावा: वगळलेल्या जेवणाची किंमत मोजून वेगळी ठेवणे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ मध्ये ठरविलेला आणि २०१७ पासून सामान्यकाळाच्या तेहतिसाव्या रविवारी पाळला जाणारा गरिबांचा जागतिक दिन ह्यास जोडून घेता येईल. त्या दिवशी भाषणापेक्षा एक पंगत अधिक शिकवील. पण तीत वाढणारे आणि जेवणारे असे दोन वर्ग नसावेत, सर्वांनी एकत्र बसावे.

चौथी, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेताना डब्याचाही विचार व्हावा. १९७३ पासून प्रापंचिकांनाही हा प्रसाद नेण्याची विशेष सेवा सोपविता येते. असा सेवक ज्या खोलीत जातो तेथे चूल पेटली आहे की नाही, हे त्याला दिसते. त्याने परत येऊन एका शेजारणीस सांगितले आणि दुपारी मऊ भात किंवा पेज तेथे पोहोचली, तर प्रसादाचाच पुढचा भाग पुरा झाला असे समजावे.

पाचवी सूचना आपणा धर्मगुरूंसाठी आहे. प्रभूने शिष्यांना पाठविताना, पुढे वाढतील ते खावे, घरे बदलीत फिरू नये, असे सांगितले (लूक १०:७-८). गरिबाघरची भाजी-भाकरी नाकारणे हा त्याचा अपमान होय; आणि धर्मगुरू येणार म्हणून त्याने उसनवारी करून कोंबडी आणावी, हेही आपण चालू देऊ नये. आधी निरोप पाठवून, 'तुम्ही रोज जे करता तेच करा' असे सांगावे, आणि त्या घरी तेच आनंदाने खावे. आपण कोणाकडे जेवतो आणि कोणाकडे नुसतेच आशीर्वाद देऊन निघतो, हे लोक पाहत असतात. त्यांचे ते निरीक्षण आपल्या प्रवचनाहून अधिक काळ लक्षात राहते.

ह्या सर्वांसाठी वेगळी समिती, वेगळा निधी किंवा वेगळे पुस्तक लागत नाही. लागते ते एक झाकलेले ताट. प्रत्येक ख्रिस्तयागाच्या शेवटी आपणास शांतीने जाण्यास सांगितले जाते, आणि आपण जातो ते बहुधा आपापल्या घरी, दुपारच्या जेवणाला. तेथे वेदीवरच्या भाकरीचा अर्थ पुढे चालू राहतो किंवा तुटतो. पातेल्यावरचे झाकण उघडताना आईने मुलाला एवढेच सांगावे की, हा वाटा अमक्याचा आहे, त्याला हात लावू नकोस. धर्मशिक्षणाचा तो पहिला धडा होय. तो घरोघरी दिला जावा ह्यासाठी आपण धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी झटावे, अशी आमची प्रार्थना आहे.